रोजच्या दिवसाचा फोटो

"आमच्या घरी फोटोंना काही तोटा नाही," असे आपल्या मंडळातील कोणतीही भगिनी सहज म्हणेल, आणि ते खरेही आहे. बारशाचे, मुंजीचे, डोहाळजेवणाचे, लग्नाचे, साठीशांतीचे फोटो घरोघरी आहेत. पण दळणाचा डबा काखेला मारून निघालेली, नळाला पाणी येण्याची वाट पाहत उंबऱ्यावर बसलेली, तांदूळ निवडता निवडता दुपारी डुलकी लागलेली बाई त्यांत आहे का? बहुधा नाही. वर्षाचे दिवस ३६५. त्यांत सणसमारंभाचे फार तर पंधरा-वीस. फोटोत दिसतात ते हेच पंधरा-वीस. उरलेले साडेतीनशे दिवस, ज्यांत खरा संसार होतो, ते कोठे गेले?

स्मरणिकेसाठी तूही काही लिही, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले, तेव्हा हाच प्रश्न माझ्या मनात होता. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, एवढेच शाळेत शिकले. परंतु वाचनालयातली पुस्तके आणि थोरल्या मुलीने इंग्रजीतून वाचून सांगितलेल्या गोष्टी यांवरून फोटोच्या इतिहासाची थोडी जुळणी केली आहे. तो इतिहास आपल्या स्वयंपाकघरापर्यंत यायला इतकी वर्षे का लागली, हे समजले म्हणजे आता आपण काय करावे तेही समजते.

फोटोची कला जगापुढे आली १८३९ साली. फ्रान्समधील दागेर नावाच्या गृहस्थाने ती शोधली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पॅरिस शहरात तिची कृती सर्वांसाठी जाहीर झाली. याच दागेरने १८३८ साली आपल्या खिडकीतून एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला होता. त्या काळी एका फोटोला काही मिनिटे लागत. त्यामुळे रस्त्यावरून चालणारी माणसे, धावणाऱ्या घोडागाड्या यांतले काहीच उमटले नाही. भर दिवसाचा रस्ता ओस पडल्यासारखा दिसतो. उमटला तो एकच माणूस, कारण तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिला होता. त्याच्या पायाशी वाकलेला पॉलिशवालाही अंधुक दिसतो. माणसाचा हा पहिला फोटो मानतात. गंमत पाहा, फोटोत आलेला पहिला माणूस राजा नव्हे की सेनापती नव्हे. रोजचे साधे काम करणारा आणि करून घेणारा, अशी ती जोडी आहे. पण ती आली योगायोगाने. जो हलला तो पुसला गेला, हा त्या यंत्राचा नियमच होता. आणि संसारात हलत नाही अशी बाई कोण?

पुढे माणसांचे फोटो निघू लागले, तेही अवघडून. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावीत. जुन्या फोटोंतील आपले आजे-पणजे रागावल्यासारखे दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे. बराच वेळ हसू धरून ठेवणे कठीण. तोंड मिटून बसणे त्यापेक्षा सोपे.

ही कला आपल्याकडेही लवकरच आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी त्या वेळी उत्तम छायाचित्रकार म्हणून नाव मिळवले होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयाचा वर्गही निघाला. म्हणजे मराठी माणूस या कलेत मागे नव्हता. परंतु फोटो निघत ते कोणाचे? इमारतींचे, देवळांचे, साहेबलोकांचे, संस्थानिकांचे आणि श्रीमंत घरातील पुरुषांचे.

साध्या माणसांचे फोटो निघालेच नाहीत असे नाही. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील लोकांवर आठ मोठे ग्रंथ काढले. त्यांत विणकर, शेतकरी, भटके, नर्तकी असे शेकडो फोटो आहेत. पण बहुतेक फोटोंखाली माणसाचे नाव नाही. जात किंवा जमात मात्र आहे. राज्य कोणत्या लोकांवर करायचे याची ती वर्गवारी होती. ती कोणाची आई, कोणाची लेक, हे लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. फोटो असूनही माणूस हरवतो तो असा. म्हणून नाव आणि तारीख यांचे महत्त्व मी पुढे सांगणार आहे, ते ध्यानात ठेवावे.

बायकांची अडचण आणखी निराळी. परपुरुषापुढे बसायचे कसे? फोटो काढला की आयुष्य कमी होते, अशीही समजूत होती. हैदराबादेत लाला दीनदयाळ हे नामांकित छायाचित्रकार होते. त्यांनी १८९२ साली पडद्यातील स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती दिला. तेथे बायकांचे फोटो निघू लागले खरे, पण तेही दागिने घालून खुर्चीवर बसलेले. पुढे होमाई व्यारावाला यांचे नाव येते. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. भारतातील पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना मान आहे. नेहरूंचे, स्वातंत्र्याच्या समारंभांचे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेतच, पण सुरुवातीला त्यांनी मुंबईचे रोजचे जीवन आणि आपल्या मैत्रिणी टिपल्या होत्या. ते फोटो छापले जात त्यांच्या यजमानांच्या नावाने. त्यांना पद्मविभूषण मिळाले २०११ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी.

आता कॅमेरा घराघरांत कसा आला ते पाहू. अमेरिकेत ईस्टमन नावाच्या माणसाने १८८८ साली कोडॅक कॅमेरा काढला. त्यात शंभर फोटोंची फिल्म भरूनच येई. संपली की सबंध कॅमेराच कारखान्याला पाठवायचा, ते फोटो धुऊन, नवी फिल्म भरून परत देत. त्याची किंमत होती २५ डॉलर. पुढे १९०० साली त्याच कारखान्याने ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा काढला, तो अवघ्या एका डॉलरला. तिकडे मुलेबाळेही फोटो काढू लागली. आपल्याकडे मात्र पुष्कळ वर्षे कॅमेरा ही चैनच राहिली. वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आगफा क्लिक काहींना आठवत असेल. एका रोलमध्ये फोटो बाराच. शिवाय रोल धुण्याचा आणि प्रतींचा खर्च वेगळा. गणपतीत घातलेला रोल दिवाळीला संपवायचा, अशी काटकसर. अशा वेळी भाकरी थापणाऱ्या बाईवर एक फोटो कोण खर्च करील? "रोज मरे त्याला कोण रडे" अशी म्हणच आहे. जे रोजचे, त्याची किंमत नाही. यंत्र सुधारले, फिल्म स्वस्त झाली, पुढे मोबाईल आला नि फिल्मही गेली. कारण गेले, पण सवय राहिली. आजही आपण मोबाईल उचलतो तो केक कापताना.

या सवयीची किंमत आम्हा सांगलीकरांना ऑगस्ट २०१९ मध्ये कळली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. आमचे घर जुने, मातीच्या भिंतींचे. पाणी ओसरल्यावर आलो तेव्हा मागची बाजू बसली होती, स्वयंपाकघर गेले होते. ट्रंकेतील अल्बम चिखलाने एकजीव झाले होते. ओळखीच्या फोटोवाल्यांनी सांगितले, की ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात सोडा, आपोआप सुटतील तेवढे सोडवा, चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा. त्याप्रमाणे केले. काही वाचले, पुष्कळ गेले. जपानमध्ये मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर यामामोतो गावात स्वयंसेवकांनी चिखलातले लक्षावधी फोटो असेच धुऊन, वाळवून ज्यांचे त्यांना परत केले, हे मला नंतर समजले. घर गेलेल्या माणसाला फोटो किती हवा असतो, हे त्या गावाने ओळखले होते.

पण मला सांगायचे आहे ते पुढचेच. नातेवाइकांना आमचे फोटो गेल्याचे कळले, तेव्हा मिरजेहून नणंदेने, विट्याहून जाऊबाईंनी, पुण्याहून भाच्याने आपापल्या अल्बममधील प्रती पाठवल्या. दोन महिन्यांत लग्नाचे, मुंजींचे, बारशांचे बहुतेक फोटो परत जमले. समारंभाच्या प्रती दहा घरी असतात. पण जे स्वयंपाकघर पडले, त्याचा फोटो कोणाकडेच नव्हता, कारण तो कोणी काढलाच नव्हता. पंचनाम्यासाठी पडक्या घराचे फोटो निघाले, उभ्या घराचा मात्र एकही नाही.

सासूबाईंनी त्या स्वयंपाकघरात पन्नास वर्षे काढली होती. भाच्याने पाठवलेल्या एका फोटोत माझी नणंद नवरी होऊन उभी आहे आणि तिच्या खांद्यामागे स्वयंपाकघराच्या दाराची चौकट अर्धी आली आहे. आत फळीवरचे दोन डबे दिसतात. सासूबाई तो फोटो घेऊन बराच वेळ बसल्या. मला वाटले, लेकीला पाहत आहेत. तर त्या बोट ठेवून म्हणाल्या, "हा डाळीचा डबा. याच्यामागं मीठ असायचं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं, नवरीचे फोटो सगळेच काढतात. आता रोजचंच काढत जा."

त्यांचे ते सांगणे मी धरून ठेवले. त्या दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारपासून दर गुरुवारी एक फोटो काढायचा, असा नेम केला. मोबाईल मुलीचाच, साधा. गुरुवार एवढ्याचसाठी, की त्या दिवशी आमच्याकडे विशेष काही नसते. मला तसाच दिवस हवा होता.

असा नेम कोणी केला आहे का, म्हणून मुलीने शोधले, तेव्हा दोन गोष्टी मिळाल्या. पहिली आपल्या दादासाहेब फाळक्यांची. "राजा हरिश्चंद्र" हा चित्रपट १९१३ साली लोकांसमोर आला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या आधी १९१२ साली पैसे घालणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा तिच्यासमोर ठेवून महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्र घेतले. पडद्यावर ते एका मिनिटाच्या आसपास चाले. त्यात रोप डोळ्यांदेखत उगवून वर येते. "अंकुराची वाढ" असे त्याचे नाव. या सगळ्या खटाटोपात सरस्वतीबाई फाळके बरोबरीने राबत होत्या. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे त्यांनी केली आणि मंडळींचा साठ-सत्तर पानांचा स्वयंपाकही केला. आपल्या चित्रपटाचे मूळ असे एका घरातच आहे.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टन नावाच्या तरुणाची. त्याने ३१ मार्च १९७९ पासून रोज एकच फोटो काढायचा नेम धरला. जेवणाची थाळी, मित्र, रस्ता, खिडकी, जे असेल ते. हा नेम २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे साडेअठरा वर्षे चालला. कर्करोगाने त्याचा अंत झाला तो त्या दिवशी. तो त्याचा एक्केचाळिसावा वाढदिवस होता. सुटा फोटो पाहिला तर काही विशेष नाही. ओळीने पाहिले तर एका माणसाचे आयुष्य.

रोज काढणे आपल्याला जमणारे नाही. आठवड्याला एक मात्र कोणालाही जमेल. वर्षाचे बावन्न होतात. बावन्न फोटो ओळीने मांडले की काय दिसते, ते अनुभवाने सांगते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्या वर्षीच्या माझ्या फोटोंत दोरीवर वाळत घातलेले कापडी मास्क आहेत. धाकटा मुलगा देवघरासमोर मोबाईलवर शाळा करतो आहे, कारण रेंज तेथेच येई. भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेली आहे. आज ते सारे स्वप्नासारखे वाटते, पण फोटोत तारखेनिशी आहे. पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा पुराचे पाणी आले. त्या आठवड्याच्या फोटोत माळ्यावर चढवलेले धान्याचे डबे आहेत आणि त्यांच्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली ही फोटोंची वही.

सर्वांत मोठी गोष्ट सासूबाईंची. पहिल्या वर्षीच्या फोटोत त्या जमिनीवर मांडी घालून ताक घुसळत आहेत. काही महिन्यांनी पाट आला. मग भिंतीला टेकून पाय लांब केलेले. मग खुर्ची. मग खुर्चीशेजारी काठी. वाटाण्याचे रोप वाढताना डोळ्यांना दिसत नाही, तसेच माणूस थकतानाही बरोबर राहणाऱ्यांना दिसत नाही. फोटो मांडून पाहिले तेव्हा आम्हा सर्वांना ते दिसले. मग ह्यांनी न्हाणीघरात हाताला धरायला दांडा बसवला, आणि पाण्याचा माठ खाली न ठेवता ओट्यावर घेतला. फोटोचा असाही उपयोग होतो.

सासूबाई २०२२ च्या पौषात गेल्या. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मंडळींनी लग्नातल्या ग्रुपमधून तोंड कापून मोठे करण्याचे काढले. असेच करतात, म्हणूनच पुष्कळ घरांत हार घातलेल्या फोटोत शेजारणीचा खांदा दिसतो. मी वही काढली. त्यात सुपात गहू पाखडणाऱ्या सासूबाई होत्या, चष्मा नाकावर आलेला, काही तरी बोलता बोलता वर पाहिलेले. तोच फोटो लावला. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "ह्याच त्या." खणाची चोळी, दागिने यांतले त्यात काही नाही. पण ओळख पटायला दुसरे काय लागते?

कोणाला हा नेम करावासा वाटला, तर थोडे अनुभवाचे बोल. दिवस एकच ठरवावा, म्हणजे आजचे दिसण्यासारखे आहे की नाही हा विचार येत नाही. आवराआवर करू नये, पसारा आला तर येऊ द्यावा. तोंडापेक्षा हातांकडे आणि कामाकडे पाहावे. फोटो काढणारी बहुधा फोटोत नसते, म्हणून महिन्यातून एकदा मोबाईल मुलांच्या हाती द्यावा आणि आपणही यावे. बाहेरच्या माणसाचा काढताना विचारून घ्यावे, आणि घरातले सगळ्या गावाला पाठवत बसू नये. मोबाईल हरवतो, बिघडतो, भरला म्हणून मुले त्यातले पुसतात. तेव्हा दर महिन्याचे चार-पाच फोटो कागदावर काढून घ्यावेत. एका प्रतीला चहाच्या कपाइतका खर्च. डिंकाने चिकटवू नयेत, वहीला कागदाचे कोपरे करून त्यांत बसवावेत. खाली तारीख, नावे आणि एक ओळ लिहावी: कोण काय करीत आहे, भाव काय होता, पाणी किती वाजता आले. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांत परका होतो. त्या आठ सरकारी ग्रंथांतली माणसे तशीच परकी झाली. आणि दुसरी प्रत माहेरी किंवा परगावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. पाणी सगळ्या गावांना एकाच वेळी येत नाही.

आता शेवटचे. आपल्या मंडळाचे दर वर्धापनदिनाचे ग्रुप फोटो कपाटात आहेत. पुढे खुर्च्यांवर पाहुण्या, मागे आपण सर्वजणी. ते हवेतच. पण त्या प्रत्येक वेळी आत चहा गाळीत असलेल्या दोघी-तिघी त्या फोटोंत नाहीत. सतरंज्या झटकणाऱ्या नाहीत, हळदीकुंकवाची तबके घासणाऱ्या नाहीत, भिशीचा हिशोब मांडीवर वही घेऊन लिहिणारी नाही. मंडळ चालले आहे ते यांच्यावर. माझी सूचना अशी, की या वर्धापनदिनापासून मंडळाची एक वही करावी. दर आठवड्याला एका सभासद भगिनीने आपल्या घरच्या किंवा मंडळाच्या रोजच्या कामाचा एक फोटो तारीख-नावासह द्यावा. बावन्न आठवडे, बावन्न भगिनी. पुढच्या वर्षी स्मरणिका निघेल तेव्हा ती वही सभागृहात मांडू. सुरुवात पुढच्या गुरुवारी होऊ शकते. पहिला फोटो चहा करणाऱ्यांचा घ्यावा, असे मला वाटते.